देवाला आधीच माहीत आहे, मग मी ठरवतो ते काय?

आमच्या ऐरोलीच्या चर्चच्या तरुण संघात हा प्रश्न दरवर्षी येतोच. बारावी, नीट, सीईटीचा सीझन आला की हमखास कोणीतरी विचारतं की देवाला माझा रिझल्ट आधीपासून माहीत आहे ना, मग मी अभ्यास केला काय नि नाही केला काय, फरक काय पडतो? आणि आपल्याकडची मोठी माणसं यावर ठरलेली दोन उत्तरं देतात, एक म्हणजे "असले प्रश्न विचारू नयेत, विश्वास ठेवावा", आणि दुसरं "देवाची इच्छा". मला दोन्ही उत्तरं पोरांवर अन्याय करणारी वाटतात. हा प्रश्न काही विश्वास कमी असल्याचं लक्षण नाहीये, उलट ख्रिस्ती मंडळीतली एकापेक्षा एक विश्वासू माणसं सोळाशे वर्षं याच गाठीपाशी बसलेली आहेत आणि त्यांच्या हाताला बरंच काही लागलेलं आहे.

आधी नशीब आणि देवाचं ज्ञान वेगळं करू, कारण निम्मी गडबड तिथेच होते. आपण ख्रिस्ती घरात वाढलो तरी महाराष्ट्रातच वाढलो, त्यामुळे सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर काय ते लिहून जाते हे डोक्यात कुठेतरी असतंच. त्या हिशोबात जे लिहिलंय ते तुम्ही काहीही केलं तरी होणार, इकडून पळा नाहीतर तिकडून, होणारे न चुके. पवित्र शास्त्रातलं देवाचं ज्ञान असं नाहीये. १३९वं स्तोत्र घ्या, त्यात दावीद म्हणतो की माझ्या जिभेवर शब्द यायच्या आधीच तो तुला ठाऊक असतो. शब्द दाविदाचाच आहे हां, देवाने तोंडात कोंबलेला नाही. म्हणजे देवाला जे माहीत आहे त्यात तुमचं करणं धरलेलं आहे, तुमचा अभ्यास, तुमचा आळस, रात्री दोनपर्यंत बघितलेली रील्स, सगळं धरून त्याला निकाल माहीत आहे. "अभ्यास करो न करो, रिझल्ट तोच" हे यातून निघतच नाही. ग्रीक लोकांनी या पळवाटेला आळशाचा युक्तिवाद असं नावच देऊन ठेवलं होतं.

आता खरी गाठ. महापेच्या एका ऑफिसात काम करणारी मुलगी धरा. सोमवारी राजीनामा द्यायचा की नाही यावर तिची झोप उडालीय, आणि समजा ती देणार आहे. देवाला हे ती जन्मायच्या आधीपासून, तिची आजी जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. देव चुकू शकत नाही. आणि होऊन गेलेल्या गोष्टीला कोणी हात लावू शकत नाही, म्हणजे हजार वर्षांपूर्वी देवाला ते माहीत होतं ही गोष्ट आता तिला बदलता येणार नाही. मग सोमवारी तिच्या हातात उरलं काय? ती राजीनामा न देताच घरी आली तर देव चुकला असं होईल, आणि ते तर होऊच शकत नाही, म्हणजे तिने दिलाच पाहिजे, म्हणजे ती मोकळी नाही, आणि मोकळी नाही तर तिला शाबासकी काय नि दोष काय, दोन्ही देता येत नाही. १९६५ साली नेल्सन पाइक या अमेरिकन तत्त्वज्ञाने हा युक्तिवाद पायरी पायरीने मांडला, त्याच्या उदाहरणात जोन्स नावाचा माणूस शनिवारी लॉन कापतो, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या लॉनवर लोक लिहितायत.

पण प्रश्न जुनाच आहे. ख्रिस्ताच्या आधी रोममध्ये सिसेरो होता, त्याने सरळ सांगून टाकलं की माणसाची इच्छा मोकळी ठेवायची असेल तर भविष्याचं ज्ञान सोडून द्या. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४ ते ४३०) याला हे अजिबात मान्य नव्हतं, तो म्हणाला दोन्ही धरायचं. मित्र एवोडियसबरोबरच्या त्याच्या संवादात एक मुद्दा येतो जो मला अजूनही फार आवडतो. तुम्हाला काल काय झालं ते आठवतं, तुमच्या आठवणीमुळे ते घडलं का? नाही ना. तसंच देवाला उद्याचं माहीत असल्यामुळे उद्याचं घडत नाही. माहीत असणं हे ढकलणं नव्हे.

याच्याच जोडीला एक तर्कातली चूक सांगतो, ती एकदा दिसली की परत परत दिसते. समोर खुर्चीत कोणी बसलंय आणि मी ते बघतोय, तर ते नक्कीच बसलेलं आहे, बरोबर? मी बघतोय आणि तरी ते बसलेलं नाही असं होऊ शकत नाही. पण याचा अर्थ तो माणूस खुर्चीला चिकटवलेला आहे असा होत नाही, तो उठू शकला असता, आणि तो उठला असता तर मी त्याला उठलेला पाहिला असता, एवढंच. देवाचंही तसंच, ती मुलगी राजीनामा देणार नसती तर देवाला "देणार नाही" हे माहीत असतं. तिच्या निर्णयामागे देवाचं ज्ञान चालतं, ज्ञानामागे निर्णय नाही.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं आणि बरेच पाळकसाहेब इथेच थांबतात. मी थांबणार नाही, कारण काटा अजून आतच आहे. समोरच्या खुर्चीचं ज्ञान आत्ताचं आहे, देवाचं ज्ञान आधीचं आहे. काल होऊन गेलेलं ज्ञान माझ्या उद्याच्या मागे कसं चालणार?

यावर सगळ्यात मोठं उत्तर तुरुंगातून आलं. बोएथियस हा रोममधला मोठ्या घरचा विद्वान, ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारात फार वर चढलेला, मग राजद्रोहाचा आरोप आला, पाव्हियात कैदेत टाकलं आणि ५२४च्या सुमाराला मारलं. शिक्षेची वाट बघत असताना त्याने एक पुस्तक लिहिलं, ज्यात तत्त्वज्ञान बाईच्या रूपात त्याच्या कोठडीत येऊन त्याच्याशी बोलतं. ख्रिस्ती माणूस होता पण पुस्तकात ख्रिस्ताचा उल्लेखच नाही, यावरही लोक वाद घालतात, असो. पाचव्या भागात तो आपला प्रश्न घेतो आणि म्हणतो, तुम्ही देवाला काळात बसवताय हीच चूक आहे. देवाला काल नाही, उद्या नाही. आपलं आयुष्य थेंबाथेंबाने येतं, कालचा दिवस हातातून गेला, उद्याचा आलेला नाही, पण देवाकडे त्याचं अख्खं जगणं एकदम, पूर्ण, सदैव हजर आहे. त्यामुळे देव आधीपासून जाणतो असं म्हणणंच चूक, तो फक्त बघतो, आणि आपला सोमवार त्याच्यासमोर आत्ताच आहे. एक माणूस चालतोय आणि सूर्य उगवतोय हे तुम्ही एकाच वेळी बघता, सूर्याला उगवण्यावाचून इलाज नाही, माणूस मात्र स्वतःच्या मर्जीने चालतोय, बघितल्यामुळे दोघांत काही फरक पडला का?

साडेसातशे वर्षांनी थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने हेच रस्त्यावरून समजावलं. रस्त्याने जाणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावर उभ्या असलेल्याला सगळा रस्ता एकदम दिसतो. पारसिक हिलवर संध्याकाळी उभे राहून खाली बघा, सिग्नलला अडकलेला रिक्षावाला, त्याच्या पुढची बस, मागून येणारा डिलिव्हरीवाला, तिघांना एकमेकांचा पत्ता नाही आणि तुम्हाला तिघं एका नजरेत. तुमच्या बघण्याने कोणी ब्रेक मारला नाही. मला स्वतःला हे उत्तर सगळ्यात जवळचं वाटतं, आणि तरी ते पूर्ण पुरत नाही हेही सांगायला पाहिजे, कारण देव कधीकधी आपलं बघितलेलं काळाच्या आत येऊन सांगतो. एकदा सांगून झालं की ते वाक्य इतिहासात जमा होतं, आणि इतिहास कोणाला बदलता येत नाही.

येशूच्या शिष्याचं, पेत्राचंच बघा. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने त्याला तोंडावर सांगितलं, आज रात्री कोंबडा आरवायच्या आधी तू मला तीनदा नाकारशील. पेत्र जोरजोरात नाही म्हणाला. पण पुढे काय होतं ते आपण नेहमी भराभर वाचून जातो. मार्कच्या चौदाव्या अध्यायात हे बोलून झाल्यावर थोड्याच वेळात गेथशेमाने बागेत येशू येऊन बघतो तर पेत्र झोपलेला, आणि त्याला म्हणतो, शिमोना, झोपलास का, एक तासही जागता आलं नाही का, जागे राहा, प्रार्थना करा म्हणजे परीक्षेत पडणार नाही. अहो, तीनदा नाकारणार हे ज्याने स्वतः सांगितलं तोच आता त्याला "पडू नकोस म्हणून प्रार्थना कर" म्हणतोय! येशूला ते ज्ञान आणि हा आग्रह यात भांडण दिसत नव्हतं. आणि लूकमध्ये तर तो आधीच सांगून ठेवतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. पडणंही माहीत, वळणंही माहीत. नंतर अंगणातल्या विस्तवाजवळ एक साधी दासी विचारते आणि पेत्र घाबरून जातो, तिथे त्याला कोणी ढकललेलं नाही, ती भीती त्याची स्वतःची आहे, म्हणून तर बाहेर जाऊन तो इतका रडला. आपण केलंच नाही अशा गोष्टीसाठी माणूस तसा रडत नाही.

झालेलं बदलता येत नाही ही अडचण सोडवायला चौदाव्या शतकात इंग्लंडचा तत्त्वज्ञ ओकहॅम एक बारीक गोष्ट दाखवतो. भूतकाळाबद्दलची सगळी वाक्यं सारखी पक्की नसतात. आपल्या ठाण्याचंच घ्या, १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन धर्मबांधवांना ठार मारलं, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती. हे पक्कं, झालं गेलं. पण "त्या घटनेनंतर सातशेहून जास्त वर्षांनी कोणीतरी मराठीत त्यांच्याबद्दल लिहील" हे वाक्यही १३२१ साली खरंच होतं, नाही का? दिसायला भूतकाळातलं, पण खरं ठरतं ते मी आत्ता लिहितोय म्हणून. मी नसतं लिहिलं, बाकी कोणीही नसतं लिहिलं, तर ते तेव्हाही खोटं असतं. ओकहॅमचं म्हणणं की देवाचं आपल्याबद्दलचं पूर्वज्ञान या दुसऱ्या जातीचं आहे, त्याचं एक टोक आपल्या हातात आहे. पटायला जड जातं, आणि पेत्राला बोलून दाखवलेलं वाक्य यात बसवताना घाम फुटतो, पण वाट बंद नाहीये एवढं त्याने दाखवलं.

आता माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात भरलेली जागा, १ शमुवेलचा तेविसावा अध्याय. कईला नावाचं गाव, शेजारचे शत्रू पलिष्टी येऊन खळी लुटतायत. दावीद आपली माणसं घेऊन जातो आणि गाव सोडवतो. दाविदाच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला बातमी लागते, तो खूश होतो, की वेशी आणि अडसर असलेल्या गावात शिरून दावीद आयताच कोंडला गेला. दावीद अब्याथार याजकाला एफोद, म्हणजे देवाचा कौल घ्यायचं याजकी वस्त्र, आणायला सांगतो आणि देवाला विचारतो, शौल इथे येईल का? देव म्हणतो, येईल. गावचे लोक मला त्याच्या हाती देतील का? देव म्हणतो, देतील. ज्या गावाला वाचवलं तेच! मग दावीद आणि त्याची सहाशेच्या आसपास माणसं उठतात आणि निघून जातात. शौलाला कळतं, तो मोहीम रद्द करतो. म्हणजे शौल आला नाही आणि गावाने कोणाला धरून दिलं नाही.

मग देव खोटं बोलला का? नाही. देवाने जे घडणार होतं ते सांगितलं नाही, दावीद तिथे राहिला असता तर काय झालं असतं ते सांगितलं. म्हणजे देवाला झालेलं, चाललेलं, होणारं एवढंच माहीत नाही, तर अमुक माणूस अमुक परिस्थितीत स्वतःच्या मर्जीने काय करेल हेही माहीत आहे. स्पेनच्या लुइस दे मोलिना या येशूसंघी धर्मगुरूने यावर अख्खी मांडणी उभी केली, १५८८ साली लिस्बनला त्याचं पुस्तक छापलं गेलं, आणि या ज्ञानाला तो मधलं ज्ञान म्हणतो. याचा फायदा मोठा आहे. नुसतं "होणार ते दिसतं" एवढंच असेल तर देव त्याचं काही करू शकत नाही, कारण जे होणार म्हणून दिसलं ते झालंच. पण कोण कुठे काय करेल हे माहीत असेल तर देव कोणाचाही हात न पिरगाळता जग चालवू शकतो. ठाण्यातल्या त्या चौघांबरोबर आलेला जॉर्डन नावाचा पाचवा जण त्या वेळी गावाबाहेर होता, म्हणून वाचला, नंतर त्यानेच सोबत्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. तो ठाण्यात असता तर काय झालं असतं? आपण अंदाज बांधतो, मोलिना म्हणतो देवाला ते पक्कं माहीत आहे.

विरोधकांचा प्रश्नही तितकाच खणखणीत आहे. जॉर्डन तिथे नव्हताच, तर "असता तर त्याने अमुक केलं असतं" हे खरं कशामुळे? जे घडलंच नाही त्याला आधार कशाचा? यावर डॉमिनिकन संघाचा धर्मपंडित बान्येझ आणि त्याचे लोक असे तुटून पडले की प्रकरण पोपपर्यंत गेलं, जवळजवळ दहा वर्षं रोममध्ये सुनावण्या चालल्या, आणि १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच दोघांना सांगितलं की एकमेकांवर पाखंडाचा ठपका ठेवायचा नाही. तो निकाल अजून लागलेला नाही.

प्रॉटेस्टंट बाजूला भांडण वेगळ्या जागी पेटलं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याच्या परंपरेत क्रमच उलटा आहे, देवाला माहीत आहे कारण देवाने नेमलं आहे. नेदरलँड्सच्या आर्मिनियसने म्हटलं नाही, कोण विश्वास ठेवेल हे देवाने आधी पाहिलं आणि त्यावरून तारणासाठी निवडलं. तो १६०९ साली वारला, त्याच्या मागच्या लोकांचं म्हणणं १६१८-१९च्या डॉर्टच्या धर्मसभेने फेटाळलं. पण कॅल्विनवाल्यांना माणूस कळसूत्री बाहुली आहे असं म्हणायचं नव्हतं हे लक्षात घ्या, त्यांचं म्हणणं की माणूस आपल्याला हवं ते कोणाच्या जबरदस्तीशिवाय करतो एवढं मोकळेपण पुरे, दुसरं काही करता आलं असतं की नाही याची गरज नाही. मला ते पुरत नाही, कारण ते हवंसं वाटणंच जर वरून नेमलेलं असेल तर दोष माझा कसा?

आपल्या मराठी मंडळ्यांत या दोन्ही नद्या आल्या. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, मग नगरकडे पसरलं, आणि १८२९ साली आलेले जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, ही सगळी कॅल्विनकडून आलेली घराणी. मेथॉडिस्ट मात्र त्यांचा संस्थापक जॉन वेस्ली याचे, आणि वेस्लीने १७३९ सालीच पूर्वनेमणुकीविरुद्ध जोरदार उपदेश केला होता. आमच्या घरात बाबांकडचे नगरचे आणि आजोळ मेथॉडिस्ट, त्यामुळे नगरची आजी "ठरलेलं असतं गं" म्हणायची आणि आजोळची "आपण हो म्हणावं लागतं" म्हणायची, आणि दोघी एकाच गीतपुस्तकातून गायच्या.

अलीकडे तिसरी बाजूही आहे, १९९४ पासून जास्त गाजलेली, खुलं भविष्य मानणाऱ्यांची. ते म्हणतात मोकळ्या निर्णयांचं भविष्य अजून झालेलंच नाही, तर जाणायचं काय? अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो तेव्हा देव त्याला "आता मला कळले" म्हणतो ते दाखवतात, निनवे शहराच्या नाशाचं चाळीस दिवसांचं भाकीत टळलं ते दाखवतात, हिज्कीया राजाला मरशील म्हणून सांगून पंधरा वर्षं वाढवून दिली ते दाखवतात. वचनं खरी आहेत आणि टाळून जाण्यासारखी नाहीत. पण पेत्र, तीनदा, कोंबड्याच्या आधी, एवढं नेमकं मग कुठून आलं, याचं समाधानकारक उत्तर मला त्यांच्याकडे मिळालं नाही.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. हे सगळं वाचून कोणाच्या घरी मयताला जाऊन "देवाला माहीत होतं, त्यानेच नेलं" म्हणू नका. माहीत असणं आणि घडवणं वेगळं, हे वर इतकं बोललो ते याचसाठी. कळव्यात एका घरी तरुण मुलगा लोकलमधून पडून गेला, प्रार्थना सभेत कोणी हे वाक्य बोललं आणि त्याच्या आईने विचारलं, माहीत होतं तर थांबवलं का नाही? त्या बाईचा प्रश्न पूर्वज्ञानाचा नाहीच, तो देवाच्या सामर्थ्याचा आणि प्रेमाचा प्रश्न आहे, त्याला बोएथियस पुरत नाही, मोलिना तर तो प्रश्न आणखी धारदार करतो, कारण त्याच्या देवाला दुसऱ्या परिस्थितीत काय झालं असतं तेही माहीत होतं. तिथे बसायचं, जेवणाचं बघायचं, त्यांच्या पोरांना शाळेत सोडायचं.

शेवटचं, प्रार्थनेचं. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो तुमच्या गरजा मागण्यापूर्वीच पित्याला ठाऊक आहेत, आणि लगेच पुढे "हे आमच्या स्वर्गातील पित्या" शिकवतो, म्हणजे मागायचंच. अक्वायनस म्हणतो देवाने काही गोष्टी प्रार्थनेतूनच द्यायचं ठरवलेलं असतं, आपण त्याचा बेत बदलायला मागत नाही. कोपरखैरण्याच्या आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थना सभेत, एका मावशींनी विचारलं होतं, बायॉप्सी तर होऊन गेली, गाठीत काय आहे ते आहेच, रिपोर्ट यायचा बाकी आहे, आता प्रार्थना करून काय होणार? मी म्हटलं मावशी, होतं. तुमची आजची प्रार्थना देवाला आज कळली असं नाही, ती गाठ यायच्या आधीपासून त्याच्यासमोर आहे, आणि जे करायचं ते तिला धरून त्याने केलेलं असू शकतं. रिपोर्ट हातात आल्यावर मात्र तो वेगळा असू दे असं मागण्यात अर्थ नाही, कारण काय झालंय ते तेव्हा आपल्यालाही कळलेलं असतं, तेव्हा ट्रीटमेंटसाठी मागायचं, डॉक्टरांसाठी मागायचं. हे उत्तर बोएथियसला चालतं, मोलिनालाही चालतं. खुलं भविष्य मानणाऱ्यांना ते देता येत नाही, आणि मी त्यांच्या बाजूला न जाण्याचं तेही एक कारण आहे.